खाणीचा पैसा, गावाचं काम: नागपूर जिल्ह्यातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

खाणपट्ट्यात नव्यानं निवडून आलेला सरपंच सुरुवातीच्या दिवसांत हमखास एक पत्र लिहितो. वर 'प्रति, महाप्रबंधक, वेकोलि', म्हणजे कोळसा कंपनीचे जनरल मॅनेजर (जीएम), आणि खाली मागण्यांची लांबलचक यादी: सिमेंट रस्ता, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड, हायमास्ट, पोरांना नोकऱ्या, भेगा पडलेल्या घरांची भरपाई, आरओ प्लांट. पत्राची पोच मिळते, देतानाचा फोटो निघतो आणि पत्र फायलीला लागतं. पुढल्या वर्षी तेच पत्र तारीख बदलून परत जातं.

दर वेळी कंपनीची नियतच खोटी असते असं नाही. एकाच पत्रात तीन वेगवेगळ्या खिशांतले पैसे मागितलेले असतात आणि प्रत्येक खिशात हात घालण्याचा अधिकार वेगळ्या माणसाला असतो. ज्याच्या हातात त्यातली जेमतेम एक-दोन कामं असतात, त्याच्या टेबलावर ती सगळी यादी पडून राहते.

नवे सरपंच-सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, गावात काम करणारे तरुण आणि कंपनीच्या सीएसआर (समाजकार्याच्या) विभागात नुकतेच रुजू झालेले लोक, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आजूबाजूला कोण खोदतंय

जिल्ह्यात मुख्य दोन मोठी घरं आहेत. कोळशाचं वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि. ही कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या कोल इस्टेटमध्ये. सावनेर, कामठी, पारशिवनी, उमरेड या भागांतल्या तिच्या खाणी 'नागपूर क्षेत्र' आणि 'उमरेड क्षेत्र' अशा दोन क्षेत्रांत विभागलेल्या आहेत. दुसरं मॉयल, मँगनीजवाले. त्यांचं मुख्यालय काटोल रोडवर. रामटेककडच्या मनसर, कांद्री, बेलडोंगरी आणि सावनेर तालुक्यात खाप्याजवळची गुमगाव, या त्यांच्या नागपूर जिल्ह्यातल्या खाणी. दोन्ही सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या, म्हणून माहितीचा अधिकार दोघांनाही लागू. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

गिट्टी, मुरूम, रेती हे गौण खनिज. त्याचा कारभार महसूल खात्याकडे आणि राज्याच्या नियमांवर चालतो. या लेखात मुख्यतः कोळसा आणि मँगनीजच्या गावांबद्दल बोलू.

तीन खिसे

पहिला खिसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, ज्याला सगळे 'खनिज निधी' किंवा डीएमएफ म्हणतात. २०१५ मध्ये खाण आणि खनिज कायद्यात ९ब हे कलम आलं आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात असं प्रतिष्ठान नेमणं बंधनकारक झालं. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणींच्या भाडेपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि नंतर लिलावातून दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. हिशेब असा: कोळशावर किमतीच्या १४ टक्के स्वामित्वधन. म्हणजे जुन्या खाणीतून १,००० रुपयांचा कोळसा निघाला तर १४० रुपये स्वामित्वधन, आणि त्यावर ४२ रुपये खनिज निधीत. मँगनीजच्या खनिजाला दर ५ टक्के. त्यासाठी सरासरी विक्री किंमत जाहीर करणारं भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं, खनिज निधी जिल्ह्यात राहतो. गावात हे दोन्ही एकच समजतात आणि 'आमची रॉयल्टी कुठे गेली' म्हणून कंपनीशी भांडतात. कंपनीनं भरणा केला की तिचं काम संपलं. हा निधी कुठे खर्चायचा हे प्रतिष्ठानची नियामक परिषद ठरवते. केंद्राच्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, खासदार-आमदार सदस्य. म्हणून खनिज निधीतलं काम वेकोलिच्या जीएमला मागणं म्हणजे चुकीचं दार ठोठावणं.

दुसरा खिसा सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामांवर खर्चायची. हा पैसा कंपनीच्या हातात राहतो आणि निर्णय तिच्या समितीचा व संचालक मंडळाचा. कोल इंडियाच्या धोरणात उपकंपन्यांसाठी बहुतांश खर्च, म्हणजे ८० टक्के, खाणीपासून २५ किलोमीटरच्या आत करण्याची तरतूद आहे. तुमच्या गावाला हे अंतर मोजायला एक दुपार पुरते.

या दोन खिशांतला एक फरक फारसा कोणी सांगत नाही. खनिज निधी निघालेल्या मालावर भरतो, सीएसआर नफ्यावर. कंपनीला वाईट वर्षं गेली तर सीएसआरची रक्कम आटते, पण ट्रकची रांग चालू असेपर्यंत खनिज निधी येतच राहतो. त्यामुळे दरवर्षी पैसा लागणारं काम, जसं दवाखान्यातला डॉक्टर किंवा शाळेतला जादा शिक्षक, केवळ सीएसआरच्या भरवशावर सुरू करू नये.

तिसरा खिसा देण्यांचा. जमिनीचा मोबदला, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या, पुनर्वसन, धूळ दाबायला पाणी मारणं, पर्यावरण मंजुरीत घातलेल्या अटी. हा विकास नव्हे, हे कायद्यानं चुकवायचं देणं आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या कायद्यानं बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. तरी गावं मोबदल्याची तक्रार आणि सभामंडपाची मागणी एकाच कागदावर लिहितात आणि मग सभामंडप मिळाल्यावर मोबदल्याचं बोलणं थंडावतं. तसं होऊ देऊ नका. कागद वेगळे, बैठका वेगळ्या, शक्यतो बोलणारी माणसंही वेगळी.

पायरी १: यादीत गाव आहे का ते बघा

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत जा आणि बाधित गावांची यादी मागा. खनिज निधी ज्या योजनेप्रमाणे खर्चतात त्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या जानेवारी २०२४ च्या सुधारित सूचनांप्रमाणे थेट बाधित क्षेत्र खाणीपासून जास्तीत जास्त १५ किलोमीटर आणि अप्रत्यक्ष बाधित क्षेत्र २५ किलोमीटरपर्यंत धरता येतं. निधीचा किमान ७० टक्के भाग थेट बाधित क्षेत्रात जायला हवा. गाव यादीत नसेल तर आधी त्यासाठी अर्ज करा. ते झाल्याशिवाय पुढल्या पायऱ्या चढून उपयोग नाही.

त्याच खेपेला मागच्या वर्षांत कोणती कामं मंजूर झाली ती यादीही घ्या. ती वाचली की जिल्ह्यात काय चालतं हे भाषणांपेक्षा नीट कळतं.

पायरी २: दुखणं मोजून ठेवा

सूचनांमध्ये कामांची विभागणी आहे. पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, वृद्ध व दिव्यांग, कौशल्य, स्वच्छता, घरं, शेती, पशुपालन ही उच्च प्राधान्याची कामं, त्यांना किमान ७० टक्के निधी. रस्ते-पूल, सिंचन, ऊर्जा, पाणलोट यांना उरलेल्या ३० टक्क्यांत जागा. आता गंमत बघा: बहुतेक गावांची पहिली मागणी रस्त्याची. म्हणजे छोट्या वाट्यासाठी सगळी गर्दी करतात आणि मोठ्या वाट्याकडे कोणी नीट प्रस्ताव घेऊन जात नाही.

खुल्या खाणीच्या गावातलं सगळ्यात खरं दुखणं बहुधा पाण्याचं असतं. खाण कोरडी ठेवायला पंप रात्रंदिवस चालतात, आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. बायाबापड्या एका वाक्यात सांगतात, "पानी तं येते साहेब, पन पेववत नाही." हे वाक्य खरं असलं तरी समितीपुढे चालत नाही. समितीपुढे आकडे चालतात. म्हणून गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा, दोरीला गाठी मारून पावसाळ्याआधी आणि नंतर पातळी मोजा, वहीत तारखेसह लिहा. पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातून दमा-खोकल्याच्या रुग्णांची आकडेवारी मागा. ब्लास्टिंगनं भेगा गेल्या म्हणता, तर भिंतीचा फोटो तारखेसह आणि भेगेशेजारी पट्टी ठेवून काढा, दर दोन महिन्यांनी तोच कोपरा पुन्हा. (भेगांची भरपाई मात्र तिसऱ्या खिशातली, ती या प्रस्तावात घालू नका.)

पायरी ३: ग्रामसभेचा ठराव

नागपूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे पेसाचे (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचे) अधिकार इथे लागू नाहीत. गडचिरोलीत जे चालतं ते इथे जसंच्या तसं चालेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तरी ग्रामसभेचा ठराव लागतोच, आणि तो नीट असेल तर पुढे कोणी 'गावाला हे नको होतं' असं म्हणू शकत नाही. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ते. 'मौजे अमुक येथे विकासकामे करावीत' असा मोघम ठराव लिहू नका. काम, जागा, गट क्रमांक, किती घरांना लाभ आणि देखभाल कोण करणार, हे ठरावातच यायला हवं.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सोयीची. त्याच सुमारास ग्रामपंचायत विकास आराखडा आकाराला येत असतो, आणि आराखड्यात असलेलं काम पुढे सरकतं. दिवाळीनंतर फायली हलवल्या की मार्चच्या गर्दीआधी मंजुरीची आशा असते. फेब्रुवारीत दिलेला प्रस्ताव बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

पायरी ४: अंदाजपत्रक आणि जागा

जिल्हा परिषदेच्या बांधकाम किंवा ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. ठेकेदारानं बनवून दिलेलं फुकटचं अंदाजपत्रक घेऊ नका, त्यात तो आधीच बसलेला असतो. हेच काम जल जीवन मिशनमध्ये किंवा वित्त आयोगाच्या निधीत धरलेलं नाही, असा दाखला पंचायत समितीकडून जोडा. दुबार कामाची शंका आली की फाइल परत येते.

जागेचा सातबारा ताजा काढा. खाणपट्ट्यात हे फार महत्त्वाचं, कारण गावाला आपली वाटणारी कितीतरी जमीन कंपनीच्या नावावर चढलेली असते. तिच्यावर शासकीय निधीतून बांधकाम होत नाही. त्याहून मोठा प्रश्न, गाव पुनर्वसनाच्या यादीत आहे का? असेल तर जुन्या गावठाणात शाळेची नवी इमारत मागणं म्हणजे ओबीखाली (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाखाली) जाणारी इमारत मागणं. त्या पैशात नव्या गावठाणात काय करायचं ते बोला.

पायरी ५: कोणत्या दारात

खनिज निधीसाठी प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यामार्फत किंवा संबंधित विभागामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत आमदारांना. आमदारांना प्रत देण्यात कमीपणा नाही, ते परिषदेत बसतात.

सीएसआरसाठी सब-एरिया मॅनेजर किंवा खाण व्यवस्थापकाशी आधी तोंडी बोला, मग क्षेत्रीय महाप्रबंधक कार्यालयातल्या सीएसआर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी प्रस्ताव द्या. तिथून तो मुख्यालयात जातो. प्रस्ताव मराठीत द्याच, पण सोबत एका पानाचा हिंदी किंवा इंग्रजी सारांश जोडा. मुख्यालयातली टिपणं त्या भाषांत लिहिली जातात, आणि तुमचा सारांश नसेल तर तो दुसरा कोणीतरी घाईत लिहितो. गावातल्या संस्थेला काम राबवायचं असेल तर तिची सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) नोंदणी आधी झालेली हवी, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

पायरी ६: चावी कोणाकडे, बिल कोणाचं

इथे जरा थांबा. मंजुरी मिळवण्यात गावं हुशार झाली आहेत. काम झाल्यावर ते चालवायचं कोणी, इथे गाडी अडते.

एका गावातला आरओ प्लांट डोळ्यांसमोर आणा. हिरवं पत्र्याचं खोपटं, दारावर कंपनीचं बोधचिन्ह, उद्घाटनाची फरशी, आत धूळ खात पडलेली यंत्रं. चौकशी केली तर यंत्रं ठीकठाक. वीज मीटर ठेकेदाराच्या नावावर होता, त्याचा करार संपला, त्यानं बिल भरणं थांबवलं. ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे हस्तांतरण झालं नाही. कंपनी म्हणते, काम पूर्ण झालं, उपयोगिता प्रमाणपत्र लागलं, आमची फाइल बंद. दोघांचंही कागदावर बरोबर, आणि लोक पुन्हा टँकरकडे.

म्हणून भूमिपूजनाच्या आधी त्रिपक्षीय करारनामा करा: कंपनी किंवा प्रतिष्ठान, ग्रामपंचायत आणि राबवणारी यंत्रणा. त्यात निदान एवढं असू द्या. वीज जोडणी पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या नावावर. पहिली काही वर्षं दुरुस्ती कोणाची, त्यानंतर कोणाची. मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलायचा खर्च कोण देणार, हे मोघम 'देखभाल' या शब्दात न गुंडाळता वेगळं लिहा, कारण खरा खर्च तोच असतो. पाणी फुकट की नाममात्र दरानं? माझं मत विचाराल तर दर ठेवा. फुकटच्या प्लांटला बिघाड झाला की कोणाच्याच खिशाला चटका बसत नाही, म्हणून कोणी ओरडतही नाही. गोळा झालेला पैसा महिला बचत गटाकडे वेगळ्या खात्यात ठेवा, ग्रामपंचायतीच्या सामान्य निधीत मिसळू नका. आरओतून वाया जाणारं पाणी कुठे सोडणार, हेही त्याच करारात.

काम पूर्ण झालं की हस्तांतरणाचा कागद घ्या आणि ती वस्तू ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा. रस्ता असेल तर नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद. नोंद नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर ग्रामपंचायत पैसा खर्चू शकत नाही, आणि पुढचा सरपंच हात वर करायला मोकळा होतो.

पायरी ७: पाठपुरावा

फोन, भेट, स्मरणपत्र, या क्रमानं. त्यानं नाही हललं तर माहिती अधिकार. वेकोलि-मॉयलसाठी केंद्राचे नियम, जिल्हाधिकारी कार्यालयासाठी राज्याचे. राज्यातल्या अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा राग अर्जात ओतू नका. कामाचं नाव, मंजुरीचा दिनांक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, एवढंच मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत.

आणखी एक कागद गावं विसरतात: पर्यावरण मंजुरीच्या वेळच्या जनसुनावणीचं इतिवृत्त. ही सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि त्यात कंपनीनं दिलेली आश्वासनं नोंदली जातात. नवी खाण येऊ घातली असेल तर सुनावणीला संख्येनं तर जाच, पण म्हणणं लेखीही द्या. २०२३ मध्ये गोंडखैरीच्या प्रस्तावित कोळसा खाणीच्या सुनावणीत गावकऱ्यांनी जोरदार विरोध नोंदवला. विरोध असो की अटी, जे नोंदीत आलं तेच पुढे दाखवता येतं.

कंपनीत नवे असाल तर

तुमच्या हातात यादी तयार असेल तरी ती खिशात ठेवून आधी एका ग्रामसभेला मागच्या रांगेत बसून या. गटविकास अधिकाऱ्याला भेटा, त्याला कोणत्या गावात कोणतं काम आधीच मंजूर आहे ते माहीत असतं. दप्तर वाटप, तान्हा पोळ्याची बक्षिसं, क्रिकेटचे चषक यांना विरोध नाही, पण ते वर्षाच्या अहवालात पान भरतं, गावाचं पाणी भरत नाही. सरपंच बदलला की गावाचं मत बदलतं, म्हणून करार पंचायतीशी करा, माणसाशी नको. आणि नोकरीचं आश्वासन सीएसआरच्या बैठकीत कधीही देऊ नका, ते तुमच्या अधिकारात नाही आणि गाव ते विसरत नाही.

पैशाशिवायचं सहकार्य

सहकार्य म्हणजे नुसता निधी असं नाही. खाणीकडे पाणी, माती, जमीन आणि यंत्रं असतात. भानेगाव खाणीतल्या ओबीतून वाळू वेगळी करून वेकोलिनं ती नागपूर सुधार प्रन्यासच्या पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांसाठी स्वस्तात दिली. पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटलीबंद केलं. सावनेरचा इको पार्क आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळासोबतचं खाण पर्यटन २०१६ पासूनचं. यांतलं प्रत्येक तुमच्या गावात जमेल असं नाही. पण खाणीतून नाल्यात सोडलं जाणारं पाणी आधी तपासून, गाळून गावतळ्यात किंवा शेतात वळवणं बऱ्याच ठिकाणी शक्य असतं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागतो तो पाइप टाकायच्या हद्दीचा निर्णय, कंपनी, पाटबंधारे आणि ग्रामपंचायत एका टेबलाशी बसून.

मात्र त्या पाण्याचं आयुष्य पंपाइतकंच. खाण बंद झाली की पंप थांबतो आणि पाणीही थांबतं. म्हणून असा प्रस्ताव देताना खाणीचं उरलेलं आयुष्य किती आणि मंजूर खाणबंदी आराखड्यात गावासाठी काय लिहिलं आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारा. गावची दुसरी पाणी योजना खाण चालू असतानाच खनिज निधीतून मागून ठेवा. माल निघणं थांबल्यावर त्या खाणीची नवी भर निधीत पडत नाही आणि तुमचं गाव चालू खाणींच्या गावांमागे रांगेत उभं राहतं.